गाठ लपवणं म्हणजे हया नव्हे

"दुखत नाही, मग दाखवायची कशाला?" स्तनातल्या गाठीबद्दल आपल्या घरांत हे नेहमी ऐकू येतं. त्यामागचा खरा प्रश्न कुणी बोलत नाही: परक्या माणसापुढे अंग उघडं कसं करायचं? पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. दुखण्याची वाट पाहिली, तर तोवर आजार पसरलेला असू शकतो.

श्रीमंत देशांतही हे सुटलेलं नाही. अमेरिकेत काळ्या स्त्रियांना हा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, पण त्यानं मरण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्के जास्त आहे. त्यात काही वाटा आजाराच्या प्रकाराचा, पण उशिरा निदान आणि अपुरे उपचार यांचाही मोठा वाटा आहे. ब्रिटनमध्ये तपासणी मोफत. तरी दक्षिण आशियाई बायका गोऱ्या बायकांपेक्षा कमी जातात. म्हणजे नुसतं मशीन असून भागत नाही.

मग कोरेगावच्या बाईचं काय? साताऱ्याला जायचं तर सोबत माणूस हवं, दिवसाची मजुरी बुडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी जेमतेम एकीनं कधीतरी स्तनांची तपासणी करून घेतली होती.

मार्ग आहे. टाटा मेमोरियलनं १९९८ पासून मुंबईत दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्यांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हातानं केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशी ओलांडलेल्यांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. मशीन नाही, पुरुष डॉक्टर नाही.

आणि दीनचं म्हणाल, तर मदिनेत मस्जिदीजवळच्या तंबूत रुफैदा या सहाबिया जखमी पुरुषांवर उपचार करत होत्या. जीव वाचवताना पडद्याची सबब तेव्हा कुणी पुढे केली नाही. आज तर तपासणारी बाईच आहे.

तिशीपुढच्या स्त्रियांची ही तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. जमातीनं ग्रामीण रुग्णालयाकडे महिला कर्मचाऱ्यांसह ठरलेला दिवस मागावा, जुम्याच्या बयानात तो जाहीर करावा. आणि पुरुषांनो, त्या दिवशी चूल तुम्ही सांभाळा.