पाच एकरांचे रान

माझी एक भाची लग्नानंतर इंग्लंडात स्थायिक झाली आहे. गेल्या वसंतात तिने काही छायाचित्रे पाठविली. रविवारी सगळे कुटुंब गावाबाहेरच्या एका लहानशा राईत फिरायला गेले होते. झाडांखाली निळ्या फुलांचा सडा, पायवाटेवर चिखलाचे बूट घालून उभी असलेली तिची दोन मुले आणि फाटकाशी एक साधी लाकडी पाटी. पाटीवर त्या राईचे नाव. सोबत तिने लिहिले होते, "मामा, हे रान आपल्या शेताएवढेच आहे. पण त्याला नाव आहे, नकाशा आहे. आपल्याकडे असे काही आहे का? मुले विचारतात."

प्रश्न साधा होता, पण मला उत्तर सुचेना. यवतमाळ जिल्ह्यात जंगल नाही असे कोण म्हणेल? इथला साग प्रसिद्ध आहे. पैनगंगेचे अभयारण्य आहे. पांढरकवडा आणि घाटंजीच्या बाजूला १४८ चौरस किलोमीटरचे टिपेश्वर आहे आणि तिथले वाघ पाहायला नागपूर-हैदराबादहून गाड्या येतात. पण तिथे फाटक असते, तिकीट असते, जिप्सी असते. भाची विचारत होती ते गावाला लागून असलेल्या, पायी जाता येईल अशा रानाबद्दल. असे रान आपल्याकडे आहे, आणि एकेका गावाला एकेक आहे. फक्त त्याला आपण रान म्हणत नाही.

म्हणून फाल्गुनातल्या एका रविवारी पांढरकवड्याहून आत, टिपेश्वरच्या बाजूच्या एका गावी गेलो. शेते मोकळी झाली होती. उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग बांधाला लागले होते. गावच्या पूर्वेला पाच एकरांचा एक तुकडा आहे. लांबून पाहिला तर पळसाच्या फुलांनी पेटल्यासारखा दिसत होता. वाट दाखवायला एक सत्तरीचे गृहस्थ बरोबर आले. मी म्हणालो, "चला, तुमचं जंगल दाखवा." ते हसले. "याले काय जंगल म्हंता जी? हे तर आमचं आखर होय."

आत शिरलो आणि पहिली दहा मिनिटे काही विशेष वाटले नाही. कडेला घाणेरी माजलेली. मग सागाची बारीक झाडे, धावडा, तेंदू, एक बेहडा, बोरींची जाळी. मधोमध मोहाची चार जुनी झाडे. त्यांच्याखालचा पाचोळा जाळून जमीन साफ केली होती, म्हणजे पहाटे पडणारे फूल वेचायला बरे. दोन बायका टोपल्या घेऊन बसल्याच होत्या. एका झाडाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड होता. ती वाघाई. पावसाळ्यात इथे तरोट्याची भाजी आणि काटवले मिळतात. पोळ्याला दारात ठेवायची पळसाची मेढी अख्ख्या गावाला इथूनच जाते. पलीकडच्या कोलाम पोडावरची माणसे टोपल्यांचे बांबू मात्र आता दुरून आणतात, कारण इथला बांबू संपला. उन्हात गुरे बसतात, रात्री रोही आणि रानडुकरे. शेताएवढ्या जागेत केवढा संसार चालला आहे, हे हळूहळू उमगत गेले.

गावात परतल्यावर सातबारा पाहिला. तिथे या सगळ्याची नोंद दोन शब्दांत होती. जमीन 'ई वर्ग'; शेरा 'पड'.

आता वाचक म्हणतील, कागदावर काय लिहिले आहे त्याने झाडाला काय फरक पडतो? आज पडतो, आणि तो कसा हे समजून घेण्यासारखे आहे.

जंगल म्हणजे काय, या प्रश्नाला आपल्या देशात एक उत्तर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सांगितले की, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल ते जंगल. मालकी कोणाचीही असो. पुढे २०२३ साली वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यानुसार जे अधिसूचित आहे किंवा २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर सरकारी दप्तरात जंगल म्हणून नोंदलेले आहे, त्यालाच कायद्याचे संरक्षण. या दुरुस्तीला आव्हान दिले गेले आणि १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने १९९६ चीच व्याख्या पाळायला सांगितले. म्हणजे आमच्या पाच एकरांच्या डोक्यावर छत्र आहे ते एका अंतरिम आदेशाचे. दप्तरात ते जंगल नाहीच.

दुसरीकडे डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून मोजणी करते. एक हेक्टरहून मोठी आणि दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेली कोणतीही जमीन तिच्या हिशेबात वनाच्छादन ठरते. मग ते नैसर्गिक रान असो की फळबाग. तिच्या २०२३ च्या अहवालात देशाचे वन आणि वृक्षाच्छादन २५.१७ टक्के आहे. यात खोटे काही नाही. मोजण्याची ती एक रीत आहे. पण तिचा परिणाम असा की, आमचे रान तुटले आणि तालुक्यात दुसरीकडे तेवढीच संत्र्याची बाग वाढली, तर आकडा हलणारही नाही. आकाशातून हिरवे दिसते, त्यातली मोहाची चार झाडे आणि वाघाई दिसत नाही.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाचा निकाल दिला आणि त्या जमिनी जंगलच आहेत असे ठरविले. तीन हेक्टरांहून लहान, इतर जंगलाला न लागलेल्या तुकड्यांचाही त्यात स्वतंत्र विचार आहे. आमचे रान दोन हेक्टरांचे. वाटावे, हा निकाल त्याच्यासाठीच आहे. पण तो नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांपुरता. यवतमाळ त्यात नाही. कारण शंभर वर्षांमागचे. ते जिल्हे मध्य प्रांतातल्या मालगुजारीचे. मालगुजारी गेल्यावर तिथल्या गावरानांना 'झुडपी' नाव मिळाले. यवतमाळ हे वऱ्हाडात, रयतवारीचे. इथे तशाच जमिनीला 'ई क्लास' म्हटले गेले. वर्धा नदीच्या अलीकडे आणि पलीकडे पळस तोच, गुरे तीच, गरज तीच. दप्तरातला शब्द वेगळा, म्हणून नशीब वेगळे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग सरळ मागणी करा की एकही तुकडा तोडू नका. मलाही आधी तसेच वाटले होते. गावात दोन तास बसल्यावर तसे म्हणवेना.

राज्यात २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. कृषी वाहिन्यांवर सौर वीज देऊन शेतकऱ्याला दिवसा पाणी ओलता यावे, हा तिचा हेतू. त्यासाठी सरकारी जमिनी दिल्या जातात, त्यांत गायरानेही असतात. या गावातही कुजबुज आहे की उद्या 'पड' जमिनी शोधत कोणी आले तर पहिले बोट याच तुकड्यावर पडेल. मी विचारले, मग तुम्ही विरोध कराल ना? एक तरुण शेतकरी शांतपणे म्हणाला, "भाऊ, रात्री बारा वाजता हरभऱ्याले पानी द्याले तुम्ही जासान का?"

या प्रश्नामागे काय आहे हे या भागात कोणाला सांगावे लागत नाही. २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा आणि राळेगावच्या परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका ज्या टी-१ वाघिणीवर, म्हणजे 'अवनी'वर ठेवला गेला, ती अभयारण्यात राहत नव्हती. ती अशाच तुकड्यांतुकड्यांच्या रानांत, कपाशीच्या शेतांना लागून वावरत होती. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ती मारली गेली. देशभर त्यावर वाद झाला, मोर्चे निघाले. पण ज्या घरातली माणसे गेली त्यांनी कोणते दिवस काढले, हे त्या वादात फारसे आले नाही. मोहाच्या झाडाखालच्या बायका आजही दोघी-दोघीनेच येतात. तेव्हा एखाद्या गावाने "ते झुडूप एकदाचे साफ करा" म्हटले तर त्याला निसर्गाचा वैरी म्हणण्याचा अधिकार शहरातल्या माणसाला नाही.

मात्र झुडूप साफ केल्याने वाघ जात नाही, हेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. टिपेश्वरचा एक पट्टेदार २०१९ च्या जूनमध्ये निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातून फिरत डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातल्या पट्ट्यावरून कळले की त्याने तेराशे किलोमीटर पायी तुडविले. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच एक वाघ थेट धाराशिवकडच्या येडशी-रामलिंगच्या रानात आढळला. एवढ्या वाटेत अभयारण्ये किती येतात? बाकी सगळा प्रवास नाल्याकाठचा, बांधावरचा आणि अशा पाच-पाच एकरांतला. दिवसा दडायला जागा असली की जनावर रात्री निघून जाते. ती नसली तर दिवसाही तुरीत बसून राहते, आणि तूर कापायला माणूसच जातो.

तेव्हा वीज हवी, भीती खरी, रानही हवे. या तिन्हींचा मेळ घालणे अवघड आहे, पण अशक्य नाही. तो घालण्यासाठी एक गोष्ट आधी लागते: इथे काय आहे ते लिहिलेले असले पाहिजे. 'पड' जमिनीवर पॅनेल बसविण्याचा निर्णय एका सहीचा असतो. मोहाची चार झाडे, पावसाळी भाज्या, गुरांची सावली, वाघाईचे ठाणे आणि जनावराची वाट असलेल्या जमिनीबद्दल निर्णय घ्यायचा तर चर्चा करावी लागते. कदाचित चर्चेअंती गाव म्हणेल, खालचा उघडा माळ घ्या, रान सोडा. कदाचित आणखी काही म्हणेल. पण ते जाणतेपणी म्हणेल.

इंग्लंडात वेगळे काय झाले, तर एवढेच. १६०० सालापासून सलग टिकलेल्या राईंना तिथे 'प्राचीन वन' म्हणतात. १९८० च्या दशकात त्यांची यादी सुरू झाली तेव्हा दोन हेक्टरांहून लहान तुकडे सोडून दिले होते. चूक लक्षात आल्यावर पाव हेक्टरापर्यंतचे तुकडे शोधून यादी सुधारण्याचे काम हाती घेतले गेले. १९७२ साली स्थापन झालेली एक लोकसंस्था लहान राई विकत घेऊन लोकांना मोकळ्या करते. तिथेही वेगवान रेल्वेसाठी जुनी वने तुटली, वाद झाले. पण काय तुटते आहे ते नाव घेऊन सांगता आले.

आपल्याला हे बाहेरून शिकायला नको. १० जुलै १९३० रोजी याच जिल्ह्यात, पुसदला, लोकनायक बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला. राखीव रानातले गवत कापायचे, एवढेच त्याचे स्वरूप. समुद्र नसलेल्या वऱ्हाडाने मिठाऐवजी गवत निवडले, कारण गावाचे गावरानाशी नाते काय हे त्या पिढीला ठाऊक होते. आज त्यासाठी कायदा मोडावा लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या व्याख्येत वर्गवारी न झालेली वनेही येतात आणि सामूहिक हक्क मागता येतो. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात पायविहीर गावाने २०१२ साली असा हक्क मिळवून उजाड टेकडी हिरवी केली. सीताफळे विकून गावात पैसा आणला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. या गावात मी तिची चौकशी केली, तेव्हा ती कोणी पाहिल्याचे आठवेना. शोधली तर सापडेल, नसेल तर लिहिता येईल. शाळेची मुले आणि सत्तरीची माणसे बरोबर घेऊन एका रविवारी होणारे ते काम आहे.

निघताना त्या गृहस्थांना मी हेच सांगितले. त्यांनी तंबाखू मळत ऐकून घेतले. मग म्हणाले, "एक मेले ग्रामसभा हाय. इषय ठेवू. पन कागदावर नाव काय टाकाचं? आखराले नाव थोडीच असते."

बरोबर आलेला त्यांचा नातू सहावीत आहे. तो म्हणाला, "वाघाईचं रान."

आजोबांनी मान हलविली. मी भाचीला उत्तर लिहिण्यासाठी १ मेची वाट पाहतो आहे.