डिस्क ‘बिझी’ असेल तर कारण विचारा

शाळेतल्या संगणकाच्या तासाला फाइल सेव्ह कशी करायची हे शिकवतात, पण ती डिस्कवर नेमकी कधी उतरते हे क्वचितच सांगतात. ते सांगायलाच हवे, आणि दाखवायचे तर लिनक्सच्या कमांड लाइनवर. पेनड्राइव्हवर कॉपी पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसले, तरी फाइलचा काही भाग अजून मेमरीतच असू शकतो. वेग मिळावा म्हणून लिनक्स डेटा आधी मेमरीत ठेवते आणि मागाहून डिस्कवर लिहिते. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो 30 सेकंदांपर्यंत, कधी त्याहून जास्त वेळ तिथे थांबतो. डिस्कचा भाग, म्हणजे पार्टिशन, वापरासाठी जोडणे म्हणजे माउंट; ते सोडवणारी ‘यूमाउंट’ कमांड हा उरलेला डेटा लिहून मगच पार्टिशन मोकळे करते. तिला लागणारा वेळ आपलेच काम पुरे होण्याचा असतो.

कधी ही कमांड ‘टार्गेट इज बिझी’ म्हणून साफ नकार देते. तेव्हा अनेकजण ‘-एल’ हा पर्याय जोडून मोकळे होतात. त्याने पार्टिशन लगेच दिसेनासे होते, पण ज्या प्रोग्रॅमने तिथली फाइल उघडली आहे तो आतून लिहीतच राहतो, आणि आपण निर्धास्तपणे पेनड्राइव्ह उपसतो. त्यापेक्षा ‘एलएसओएफ’ किंवा ‘फ्यूझर’ चालवले, तर कोणी अडवून धरले आहे ते समोर येते. पुष्कळदा आपलेच टर्मिनल त्या फोल्डरमध्ये उभे असते. ‘सीडी’ करून बाहेर आले की काम होते. पार्टिशन करतानाही हीच शिस्त लागते. डिस्कची एसडीए, एसडीबी ही नावे कायमची नसतात, संगणक पुन्हा सुरू केल्यावर ती बदलू शकतात. म्हणून आधी ‘एलएसब्लॉक’ने आकार आणि माउंटची जागा तपासावी, आणि माउंटची यादी असलेल्या ‘एफस्टॅब’ फाइलमध्ये नावाऐवजी यूयूआयडी हा ओळख क्रमांक लिहावा. फॉरमॅट करणाऱ्या ‘एमकेएफएस’ला चुकीचे अक्षर दिले, तर भलत्याच पार्टिशनवरचा डेटा जातो.

यावर म्हटले जाईल की, विंडोजने 2018 च्या आवृत्तीपासून पेनड्राइव्ह थेट काढता येईल अशी सोय मूळ सेटिंगमध्येच दिली आहे. दिली आहे, पण लिहिणे चालू असताना पेनड्राइव्ह उपसला तर तीही वाचवत नाही. दुसरा मुद्दा जर्नलिंगचा, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवून डिस्क सावरण्याचा. लिनक्सच्या ईएक्सटी4 फाइलसिस्टमचे जर्नल मूळ सेटिंगमध्ये तिची रचना सांभाळते, मेमरीत अडकलेला मजकूर नव्हे. आणि पेनड्राइव्हवर सहसा असणाऱ्या फॅट32 किंवा एक्सफॅटमध्ये जर्नलच नसते. सर्वांत वजनदार आक्षेप असा की, मुलांच्या हाती या कमांड धोक्याच्या आहेत. खऱ्या डिस्कवर त्या धोक्याच्या आहेतच. पण 100 एमबीची रिकामी फाइल बनवून तिलाच डिस्क मानता येते: तिच्यात पार्टिशन पाडा, माउंट करा, मुद्दाम बिझी ठेवा, बिघडली तर पुसून टाका. खर्च शून्य, नुकसान शून्य. लिनक्स शाळकरी मुलांना झेपणार नाही, हेही खरे नाही. केरळच्या सरकारी शाळांत ते वर्षानुवर्षे वापरात आहे.

घरोघरचे फोटो, दुकानांचे हिशेब, दवाखान्यांच्या नोंदी आज डिस्कवर आहेत. ते सारे उद्या सांभाळणारी माणसे आज शाळेत शिकत आहेत. संगणक शिक्षकांनी वर्षातले दोन तास या सरावाला द्यावेत आणि एक सवय लावावी: मशीनने नकार दिला, तर जबरदस्ती करण्याआधी कारण विचारायचे.