आकडा अमेरिकेचा, अंग आपलं

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचे पैसे विमा कंपनी देणार की नाही, हे आपल्या देशात मुख्यतः एका आकड्यावर ठरतं. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, म्हणजे बीएमआय. तो ४० किंवा त्याहून जास्त असेल तर वाट मोकळी होते. ३५ ते ४० च्या दरम्यान असेल तर सोबत चार आजारांपैकी एखादा लागतो: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. शिवाय आहार, व्यायाम, औषधं असे साधे उपाय करूनही वजन हटलं नाही, हे दाखवावं लागतं. वय १८ पूर्ण हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा, या अटी वेगळ्या. विमा नियामक आयआरडीएआयने सप्टेंबर २०१९ मध्ये ही भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून टाकली. आपल्या पॉलिसीत ‘एक्सक्ल ०६’ हा कोड शोधा, तिथे ती सापडेल.

यातलं चांगलं ते आधी सांगतो. त्यापूर्वी बहुतेक पॉलिसींत लठ्ठपणावरचे उपचार सरसकट वगळलेले असत. आता या अटी पूर्ण करणाऱ्याला ‘ही तर सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया’ म्हणून परत पाठवता येत नाही. हे मोठं पाऊल होतं. तरीही माझी तक्रार आहे, आणि ती त्या आकड्याबद्दलच आहे.

माझे भावोजी तारापूर एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर आहेत. फर्स्ट, सेकंड, नाइट अशी फिरती पाळी. नाइटला निघण्यापूर्वी जेवण, पहाटे कॅन्टीनचा वडापाव आणि चहा, सकाळी घरी आल्यावर पुन्हा पोटभर भात आणि मग दुपारपर्यंत झोप. असं वर्षानुवर्षं चाललेलं. मधुमेह आधी गोळ्यांवर होता, तो इन्सुलिनवर गेला. घोरता घोरता श्वास थांबायचा, तेव्हा ताई उठून त्यांना हलवायची. पण तिला खरी भीती घराबाहेरची होती. मला म्हणाली, ‘अरे, हे रात्री रिअ‍ॅक्टरसमोर उभे असतात. तिथे डोळा लागला तर?’ तारापूर परिसरात राहणाऱ्याला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. स्फोटाचा आवाज आला की कोणत्या प्लॉटवर, कोणाची ड्युटी, असे फोन इथे घरोघरी सुरू होतात.

मुंबईच्या सर्जननी सगळं तपासून शस्त्रक्रिया सुचवली. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि उरते ती अरुंद नळी. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत जेवण कमी जातं हे तर झालंच, पण भूक आणि साखर सांभाळणारी संप्रेरकंही बदलतात, म्हणून मधुमेहावर परिणाम होतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या अभ्यासाचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, ६ टक्के किंवा त्याखाली आलेले रुग्ण नुसत्या औषधोपचारावर ५ टक्के होते, स्लीव्हनंतर २३ टक्के आणि बायपासनंतर २९ टक्के. त्या अभ्यासात बीएमआय २७ पासूनचे रुग्ण घेतले होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

मुंबईत या शस्त्रक्रियेचा खर्च काही लाखांत जातो. भावोजींच्या कारखान्याची ग्रुप पॉलिसी होती. रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवरून कॅशलेससाठी प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरीची मागणी, गेली आणि विमा कंपनीची क्वेरी आली. एका जुन्या केसपेपरवर उंची १७० सेंटिमीटर लिहिलेली होती, वजन १०० किलो. गणित केलं की बीएमआय येतो ३४.६. म्हणजे अटीत बसत नाही. रुग्णालयाने त्यांना अनवाणी, भिंतीला टाच लावून, पट्टीवर उभं केलं तेव्हा उंची भरली १६८. बीएमआय ३५.४. तोच माणूस, तेच वजन, रात्री थांबणारा श्वासही तोच. मधे फक्त दोन सेंटिमीटर, आणि ते कोणीतरी कधीतरी अंदाजाने लिहिलेले.

क्वेरीत दुसरा प्रश्न होता: वजन कमी करण्याचे आधीचे प्रयत्न दाखवा. इथे आपल्याकडची बहुतेक माणसं अडकतात. बोईसरच्या नवापूर रोडवर काय किंवा पालघर स्टेशनजवळ काय, आपण फॅमिली डॉक्टरकडे जातो, ते वजन करतात, ‘भात कमी करा, चालायला जा’ सांगतात, गोळ्यांची चिठ्ठी देतात. चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून झाली की खिशात चुरगळते. दहा वर्षं डॉक्टर कानीकपाळी ओरडत असतात आणि दाखवायला एक कागद नसतो.

भावोजींना वाचवलं ते कारखान्यातल्या मेडिकल सेंटरच्या रजिस्टरने. भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांची कामावर घेण्यापूर्वी आणि त्यानंतर बारा महिन्यांच्या आत पुन्हा पुन्हा वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, तिची नोंद ठेवली पाहिजे आणि ती कामगाराला पाहता आली पाहिजे, असं ४१-सी कलमात आलं. त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेने घेतली, पण मालकावरची ही जबाबदारी तिच्यातही आहे. भावोजींच्या नोंदीत दरवर्षीची उंची होती, १६८. वजन ८१ वरून चढत गेलेलं दिसत होतं. साखर होती, रक्तदाब होता आणि फॅक्टरीच्या डॉक्टरांच्या अक्षरात शेरे होते: आहारतज्ज्ञाकडे पाठवलं, डाएट चार्ट दिला, वजन वाढलेलंच. त्या पानांच्या प्रती गेल्या, स्लीप स्टडीचा रिपोर्ट गेला, मधुमेहतज्ज्ञांचं पत्र गेलं आणि अप्रूव्हल आलं. तारापूरच्या रासायनिक आणि औषधी कारखान्यांत काम करणाऱ्या कित्येकांच्या नावाने असं रजिस्टर असलं पाहिजे, आणि ते आपल्या उपयोगाचं आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

आता तक्रारीकडे येतो. भावोजींचं वजन ९८ किलो असतं तर? बीएमआय ३४.७. मग ना श्वास अडकण्याचा विचार झाला असता, ना इन्सुलिनचा. क्वेरी आली त्या दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, ‘म्हणजे मी पथ्य पाळून दोन किलो उतरवले असते तर पैसे मिळाले नसते?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जो कसोशीने वजन धरून ठेवतो त्याला नियम बाहेर ठेवतो आणि जो आणखी वाढेपर्यंत थांबतो त्याला आत घेतो. आरोग्यासाठी केलेल्या नियमाचा परिणाम असा होत असेल, तर तो नियम दुरुस्त केला पाहिजे.

शिवाय ४० आणि ३५ हे आकडे आपले नाहीतच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये तज्ज्ञांची परिषद घेऊन ते ठरवले, तिथल्या रुग्णांचा अनुभव समोर ठेवून. आपलं शरीर वेगळं आहे हे जगाला पटवून देणाऱ्यांत पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक अग्रभागी आहेत. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. बीएमआय दोघांना एकच आकडा देतो आणि आत दुपटीहून जास्त फरक. आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयात का गाठतो, याचं बरंचसं उत्तर त्या फोटोत आहे.

हे ओळखून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमताने आपले आकडे जाहीर केले. लठ्ठपणा ३० पासून नव्हे, २५ पासून धरायचा. शस्त्रक्रियेचा विचार ३७.५ पासून, आणि सोबत आजार असतील तर ३२.५ पासून. याला दहा वर्षं झाल्यावर, २०१९ मध्ये, नियामकाने नियम लिहिला आणि त्यात आकडे घातले ते १९९१ चे. पुढे २०२२ मध्ये शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनीच ते जुने आकडे मागे टाकले. त्यांच्या नव्या शिफारशीत ३५ ला आजारांची अटच नाही, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून शस्त्रक्रियेचा पर्याय पुढे ठेवलेला आहे. म्हणजे आपण जो आकडा उसना घेतला तो जगाने मागे टाकला आणि आपण तिथेच थांबलो.

१६८ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला ३५ गाठायला जवळपास ९९ किलो व्हावं लागतं. भारतीय निकषाने ९२ पुरतात. मधल्या सात किलोंत किती जण मूत्रपिंड, डोळे आणि पायाची बोटं गमावतात, याचा विचार धोरण लिहिणाऱ्यांनी करायला हवा.

चार आजारांच्या यादीबद्दलही बोलायला हवं. तिच्यात उच्च रक्तदाब नाही. झिजलेले गुडघे नाहीत. पीसीओडी नाही, यकृतावरची चरबी नाही. बायकांचा लठ्ठपणा बहुतेक वेळा गुडघ्यांतून आणि पाळीच्या तक्रारींतून बोलतो, आणि तेच नेमकं यादीबाहेर राहिलं आहे.

आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या वसईच्या एका महिलेची बातमी २०१९ मध्ये देशभर गेली. ३०० किलोंवरून, दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया होऊन, ती ८६ किलोंवर आली. अशा बातम्यांमुळे लोकांना वाटतं की ही शस्त्रक्रिया फक्त इतक्या टोकाच्या लोकांसाठी असते. तसं नाही. नितीन गडकरींनी २०११ मध्ये ती करून घेतली, त्यानंतरचा त्यांचा कामाचा धडाका आपण पाहतोच. आणि जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात लठ्ठपणाचं काय घेऊन बसलात, असं मला सांगणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच: अपुरं पोषण आणि चुकीचं पोषण ही एकाच जिल्ह्यातली दोन दुखणी आहेत. आईच्या पोटात अर्धपोटी राहिलेलं मूल पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतं, हेही डॉ. याज्ञिकांच्याच कामातून पुढे आलं.

ज्यांना आज या वाटेने जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या मागणीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा असतो. दावा नाकारायचा तर कंपनीच्या आढावा समितीची मान्यता लागते आणि पॉलिसीतल्या कोणत्या अटीवर नाकारला ते लिहून द्यावं लागतं. तोंडी ‘नाही बसत’ ऐकून घरी येऊ नका, ते लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाने ३० दिवसांत दाद दिली नाही तर विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात. स्वतःची पॉलिसी घेणार असाल तर फॉर्ममध्ये वजन आणि मधुमेह खरे लिहा, एजंटला अंदाजाने भरू देऊ नका. आधीच्या आजाराची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे, लपवलेल्या आजाराचा त्रास मात्र त्यापुढेही होऊ शकतो. पगार २१ हजारांच्या आत असेल तर तुम्ही ईएसआयसीत, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, आहात, तिथली वाट वेगळी: आधी ईएसआयचा दवाखाना, मग रेफरल. आणि शस्त्रक्रियेनंतर बी१२, लोह, कॅल्शियम आयुष्यभर घ्यावं लागतं, तपासण्या चुकवता येत नाहीत. ते खर्च बहुधा आपल्याच खिशातले, ते धरूनच निर्णय करा.

भावोजींचं इन्सुलिन बंद झालं आहे. ताई रात्री सलग झोपते.

राष्ट्रीय नियम बदलायला वेळ लागेल, पण तारापूरने त्याची वाट पाहण्याचं कारण नाही. ‘एक्सक्ल ०६’ ही किमान मर्यादा आहे, कंपनीने त्याहून उदार व्हायला कोणाची बंदी नाही. ग्रुप पॉलिसीचं नूतनीकरण दरवर्षी होतं आणि तेव्हा अटींवर बोलणी होतात. कारखान्यांच्या व्यवस्थापनांनी, कामगार संघटनांनी आणि ‘टिमा’ या इथल्या उद्योजकांच्या संघटनेने पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनीसमोर एक मागणी ठेवावी: ४० च्या जागी ३७.५, ३५ च्या जागी ३२.५, आणि आजारांच्या यादीत रक्तदाब आणि गुडघे. एका मोठ्या कारखान्याने हे लिहून घेतलं, तर शेजारच्या प्लॉटवाल्याला ते मागायला तोंड मिळेल.