टक्के वाढले, मजुरी कुठे आहे?

देशोदेशीच्या स्त्री-पुरुषांच्या रोजगाराचा तक्ता हल्ली प्रत्येक शिबिरात भिंतीवर लागतो. जगात पंधरा वर्षांवरच्या शंभर पुरुषांतले जवळजवळ सत्तर रोजगारात आहेत आणि बायकांतल्या पन्नासही नाहीत, हे त्यावरून कळते. मग आपला देश कितवा, शेजारचा कितवा, अशी चर्चा सुरू होते आणि शेवटी ठराव होतो की बायकांचा टक्का वाढला पाहिजे. माझा या ठरावाला विरोध आहे. टक्का वाढवा ही आपली मागणी असूच शकत नाही, कारण ती सरकारने पुरी करून दाखवली आहे!

केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात २०१७-१८ साली शंभर बायकांतल्या २३.३ काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या होत्या. २०२३-२४ साली हा आकडा ४१.७ झाला. मंत्री भाषणात सांगतात ते इथवरच. त्याच अहवालाची पुढची पाने उलटा. काम करणाऱ्या बायकांत नियमित पगार मिळणाऱ्यांचे प्रमाण याच काळात २१ टक्क्यांवरून १५.९ वर घसरले. 'स्वयंरोजगार' म्हणून नोंदलेल्या ५१.९ वरून ६७.४ वर गेल्या. आणि हा स्वयंरोजगार कसला? काम करणाऱ्या शंभर बायकांतल्या जवळजवळ ३७ 'घरच्या उद्योगात मदतनीस' आहेत. नवऱ्याच्या शेतात, सासऱ्याच्या दुकानात, दिराच्या गोठ्यात राबणाऱ्या या बायकांच्या हातावर एक रुपयाही पडत नाही. सरकारी तक्त्यात मात्र त्या रोजगार मिळालेल्या बायका आहेत.

यावर काही मैत्रिणी चिडून विचारतील, की शेतातले काम मोजा ही तर आपलीच मागणी होती ना? होतीच. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नापुढे 'शेतावरील किंवा घरच्या उद्योगातील बिनमोबदला काम धरून' हे शब्द आले ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. 'ती घरीच असते, काही करत नाही' असे उत्तर सासऱ्याने ओसरीवरून द्यायचे आणि प्रगणकाने ते उतरवून घ्यायचे, याविरुद्ध बायका आणि अभ्यासक वर्षानुवर्षे बोलत होत्या. १९८८ च्या 'श्रमशक्ती' अहवालातही हेच गाऱ्हाणे आहे. पण आपण मोजा म्हणालो ते मोजल्यावर हक्क मागता यावा म्हणून. जमीन कुणाच्या नावावर आहे? २०१५-१६ च्या कृषिगणनेत वहितीदारांत बायका शंभरात चौदा होत्या. काम मोजले गेले, सातबारा जिथल्या तिथे राहिला.

आता दुसऱ्या देशांकडे वळू. मादागास्कर आणि टांझानियात शंभरातल्या पंच्याहत्तरहून अधिक बायका कामात आहेत, बहुतेक शेतीत. तक्त्यात हे देश युरोपाच्या वर दिसतात. तिथल्या बाईला बसून राहणे परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जॉर्डनमध्ये मुली मुलांच्या बरोबरीने शिकतात आणि तरी शंभरातल्या पंधरा बायकाही नोकरी-धंद्यात नाहीत. 'आधी शिकू द्या, मग नोकऱ्या आपोआप' म्हणणाऱ्यांनी हा देश जरा लक्षात ठेवावा. जपानमध्ये कामाच्या वयातल्या सत्तर टक्क्यांहून अधिक बायका कमावत्या आहेत, पण त्यांतल्या निम्म्याहून जास्त हंगामी, कंत्राटी किंवा अर्धवेळ.

शिवाय फूटपट्टीही एक नाही. २०१३ साली जिनिव्हात जगभरच्या कामगार-संख्याशास्त्रज्ञांनी ठरवले की केवळ घरी खाण्यासाठी पिकवणे हे काम आहे, पण त्याला रोजगार म्हणू नये. काही देशांनी ते स्वीकारले. आपल्याकडे ते अजून रोजगारातच धरतात. वर्षात तीस दिवस जोडकाम केलेली बाईही आपल्या आकड्यात बसते. म्हशीची धार काढणारी 'मदतनीस' ठरू शकते; तीच बाई रानातून सरपण आणते तेव्हा ते घरकाम. असल्या आकड्यांवर देशांची शर्यत लावण्यात कसला शहाणपणा?

तुलना करूच नये असे मी म्हणत नाही. स्वीडनकडे जरूर बघावे, पण टक्क्यापेक्षा तो कसा आला ते बघावे. तिथे १९७१ साली नवरा-बायकोचा आयकर वेगळा केला. १९७४ साली बाळंतपणानंतरची पगारी रजा आईबरोबर बापालाही खुली केली आणि तिचा खर्च सामाजिक विम्यातून दिला. मुलांसाठी सरकारी पाळणाघरे काढली. आपल्याकडे २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली, टाळ्या पडल्या. पण तिचा भार मालकावर, म्हणून मालक बाईलाच घेत नाही. आणि शेतातल्या 'मदतनीस' बाईला ना मालक, ना रजा.

मी ऊसतोड बायकांबरोबर बसते तेव्हा हा प्रश्न नेहमी निघतो. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात. ती पहाटे फडात उतरते, मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवते, पाळी आली तरी खाडा करत नाही, कारण खाड्याचा दंड भरावा लागतो. तिला रोजगार आहे का? सर्वेक्षण म्हणते आहे. तिला विचारा किती मिळाले, ती म्हणते, 'यांना ठाऊक.' वर कोपीवर येऊन चूल तिचीच. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २८९ मिनिटे भरली. पुरुषाची ८८, तीही जे करतात त्यांची.

म्हणून आपल्या निवेदनातला 'बायकांचा रोजगार-दर वाढवा' हा मुद्दा काढून टाकावा असे मी सुचवते. त्याजागी लिहू या: बिनमोबदला मदतनीस बायकांचा आकडा दर वेळी वेगळा आणि पहिल्या पानावर छापा, मजुरी कुणाच्या हातात दिली हा प्रश्न सर्वेक्षणात घाला, कोयता मोडून बाईच्या नावावर स्वतंत्र करार आणि स्वतंत्र उचल द्या, सातबाऱ्यावर तिचे नाव लावा, फडावर पाळणाघर सुरू करा आणि त्याचा खर्च साखर कारखान्यांकडून वसूल करा. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो. निवेदन त्याआधी जायला हवे.