किस्सेबहाद्दरांचा आधुनिकतावाद

प्रायोगिक लेखकाचा काटा काढायच्या आपल्याकडे दोन रीती आहेत. एक, त्याच्यावर खटला भरायचा. दुसरी, त्याचे किस्से सांगायचे. पहिलीतून लेखक कधीकधी सहीसलामत बाहेर येतो. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ १९४७ साली आल्या, मुंबई सरकारने अश्लीलतेचा खटला भरला, मर्ढेकर निर्दोष सुटले आणि पुढे एम.ए.च्या पोरांना पेपरात यायला लागले. किस्स्यांच्या कोर्टात मात्र अपील नाही. तिथे माणूस एकदा ‘अवलिया’ ठरला की त्याचं पुस्तक उघडायची जबाबदारी सगळ्यांच्याच अंगावरून उतरते.

मी चेन्नईत राहतो. इथल्या मराठी गोतावळ्यात साहित्याची हौस असलेली मंडळी कमी नाहीत. मध्यंतरी मुंबईहून एक वक्ते आले होते. विषय होता ‘लघुनियतकालिकांची चळवळ आणि नवे लेखक’. तासभर काय ऐकलं? कोलटकरांच्या मिशा ऐकल्या. कोलटकरांकडे फोन नव्हता हे ऐकलं. काळ्या घोड्याजवळच्या वेसाइड इनमधलं त्यांचं टेबल ऐकलं. १९६२ साली अमेरिकन कवी गिन्सबर्ग मुंबईत आला होता हे तर इतक्या भक्तिभावाने सांगितलं गेलं, की पंढरपूरला जाऊन आलेली म्हातारीही इतकी गहिवरत नसेल. मनोहर ओकांची भणंग भटकंती झाली, भाऊ पाध्यांचा फटकळपणा झाला, टाळ्या झाल्या. त्या तासाभरात एका कवितेचा एक शब्द आला नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जरांचं नावही आलं नाही. त्यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेवरचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१५ साली कोर्टाने कवीवरचे आरोप काढून टाकायला नकार दिला. पण त्यात रंगवून सांगण्यासारखं काही नाही ना, नुसत्या तारखाच तारखा. शेवटी मी हात वर करून विचारलं, कोलटकरांची ‘भिजकी वही’ इथे पूर्ण कुणी वाचली आहे? सगळं सभागृह पंख्याकडे बघायला लागलं. वक्ते धरून.

कोलटकर हयातभर जाहिरातीच्या धंद्यात होते, आणि त्या धंद्यातले नावाजलेले होते. म्हणजे ठरल्या दिवशी काम हातावेगळं करून देणारा माणूस. हे गाळायचं, कारण ते आख्यायिकेत बसत नाही. आपल्याला हवा असतो तो लेखक, ज्याने आपल्या वतीने केस वाढवले, आपल्या वतीने नोकरी सोडली, आपल्या वतीने शिव्या दिल्या. मग आपण शनिवारी संध्याकाळी त्याच्यावर परिसंवाद घ्यायला मोकळे.

आता ज्या शहरात हे व्याख्यान झालं, त्या शहराकडे वळू. त्या सभागृहापासून रिक्षाच्या अंतरावर तिरुवल्लिक्केणी आहे, इंग्रजांनी जिचं ट्रिप्लिकेन केलं ती. पार्थसारथीचं देऊळ, अरुंद गल्ल्या, जुन्या खानावळी. याच वस्तीतून सी. सु. चेल्लप्पा नावाच्या माणसाने जानेवारी १९५९मध्ये ‘एळुत्तु’ हे मासिक काढलं. नवी तमिळ कविता आणि नवी समीक्षा या दोन्हींची नाळ त्या मासिकात पुरलेली आहे. न. पिच्चमूर्ती, नकुलन, पसुवय्या या नावाने कविता लिहिणारे सुंदर रामस्वामी, श्रीलंकेतून लेख पाठवणारा विशीतला धर्मु सिवराम, हे सगळे त्यात लिहीत. वृत्त सोडलं म्हणून पंडितांनी यथेच्छ झोडपलं. चेल्लप्पांनी १९६२ साली त्याच कवींचा ‘पुदुक्कुरलगळ’ हा संग्रह स्वतःच छापून पंडितांच्या हातात दिला. मासिक १९७०पर्यंत चाललं.

आणि हा बंडखोर दिसायला कसा? खादीचं धोतर, गांधीवादी, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात जाऊन आलेला. मासिकाच्या पायी बायकोचे दागिने गेले. पुस्तकांची गाठोडी स्वतःच्या खांद्यावर घेऊन हा माणूस गावोगावच्या कॉलेजांत जाऊन ती विकायचा. प्राध्यापकांच्या खोलीच्या दारात गाठोडं सोडायचं, एकेक पुस्तक काढून दाखवायचं, चार खपली तर खपली, गाठ मारायची आणि पुढचं गाव. पंच्याऐंशीच्या घरात असताना, १९९७ साली, त्यांनी ‘सुदंदिर दागम’ ही तीन खंडांची अवाढव्य कादंबरी पदरमोड करून छापली. पुढच्या वर्षी गेले. साहित्य अकादमीला जाग आली २००१ साली. (अकादमीच्या या बाबतीतल्या वक्तशीरपणाला तोड नाही. कोलटकर २००४च्या सप्टेंबरात गेले, त्यांना २००५चा पुरस्कार. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांना १९५६चा.)

हाही किस्साच झाला, असं कुणी म्हणेल. झाला. पण हा कुणी सांगत नाही, कारण यात दारू नाही आणि भांडण नाही. यात टपालखर्च आहे, कागदाचा भाव आहे आणि पायपीट आहे. लघुनियतकालिकाची चळवळ म्हणजे नव्वद टक्के हेच असतं. अशोक शहाण्यांनाही विचारून बघा, ‘प्रास’ प्रकाशनाची पुस्तकं काढताना आयुष्य बंडात गेलं की प्रुफं तपासण्यात.

चेल्लप्पांची ‘वाडिवासल’ ही छोटी कादंबरी आता बरीच खपते. जल्लिकट्टूचं मैदान, एक दुपार, बापाला मारणाऱ्या काळ्या बैलासमोर उभा राहिलेला पोरगा आणि मदुरैकडच्या बोलीतले सपासप संवाद. बैलाच्या शिंगाला हात घालण्याआधीची ती वाट बघणं चेल्लप्पा असं ताणतात की वाचणाऱ्याच्या पोटऱ्या दुखाव्यात. चांगलं आहे, खपू दे. पण सूर्या या नटाला घेऊन तिच्यावर सिनेमा निघणार अशी बातमी आली तेव्हा माझ्या कॉलनीतल्या सुशिक्षित मंडळींनी चौकशी केली ती सूर्याच्या मानधनाची.

चेन्नईचा दुसरा मासला म्हणजे पुदुमैप्पित्तन. जन्म १९०६, मृत्यू १९४८. तमिळ कथेला वळण देणारा माणूस. त्यांची ‘देव आणि कंदसामी पिळ्ळै’ ही कथा माझ्या मते या शहरावर लिहिलेली सगळ्यात क्रूर आणि सगळ्यात हसवणारी गोष्ट आहे. ब्रॉडवे आणि एस्प्लनेडच्या कोपऱ्यावर कंदसामी पिळ्ळै उभे आहेत. खिशातल्या चिल्लरीचा हिशेब चालू आहे: ट्रामने जाऊन पान खावं, की बसने जाऊन अर्धा कप कॉफी प्यावी? तेवढ्यात एक गृहस्थ तिरुवल्लिक्केणीचा रस्ता विचारतात. ते साक्षात देव असतात. पिळ्ळैंना त्याचं काही विशेष वाटत नाही. ते सिद्ध वैद्यकाचं मासिक चालवतात, म्हणून ते देवाला आधी काय करतात? आजीव वर्गणीदार! आता आजीव म्हणजे कुणाच्या आयुष्यभर, तुमच्या, माझ्या की मासिकाच्या, असा रास्त प्रश्न तिथे निघतो. हॉटेलात देव शंभराची नोट काढतो तर गल्ल्यावरचा माणूस ती खोटी तर नाही ना म्हणून निरखतो. पुढे देव आणि देवी पोटापाण्यासाठी एका कलासंस्थेच्या दिवाणबहादुर अध्यक्षासमोर नाचून दाखवतात. प्रत्यक्ष नटराज नाचतो आहे, आणि अध्यक्ष सांगतो की ही कला नव्हे.

मार्गळी महिन्यात, संगीत-नृत्याच्या मोसमात, या शहरातल्या कुठल्याही सभेत जा. पुढच्या रांगेत तो दिवाणबहादूर अजून बसलेला आहे, फक्त आता त्याच्या मांडीवर मोबाइल आहे. आणि मराठी माणसाने यावर फार हसू नये. आपल्या साहित्य संमेलनाच्या मांडवात त्याची सख्खी भावंडं फेटा बांधून बसतात.

मद्रास विद्यापीठाने तर कमाल केली. २०१४ साली तक्रारी आल्याबरोबर पुदुमैप्पित्तनांच्या कथा अभ्यासक्रमातून काढून टाकल्या. कथेत जातीची क्रूरता दिसते, म्हणून कथाच क्रूर! तक्रार करणाऱ्यांशी माझं भांडण नाही. ज्याला लागतं तो ओरडणारच, आणि त्याला ओरडायचा हक्क आहे. भांडण आहे ते वर्गात ती कथा समोर ठेवून वाद घालायची ज्यांची नोकरी होती, त्या प्राध्यापकांशी. दुखण्यावर बोलायचं सोडून त्यांनी पानंच फाडली.

आता मराठी माणसासाठी खास बातमी. हे पुदुमैप्पित्तन पुण्यात राहिले होते. एम. के. त्यागराज भागवतरांच्या ‘राजमुक्ती’ या सिनेमाचं लेखन करायला ते तिथे गेले, तिथेच त्यांचा क्षय बळावला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. म्हणजे मर्ढेकरांच्या कवितेवरून महाराष्ट्र पेटला होता, त्याच सुमाराला तमिळमधला सगळ्यात धारदार नवकथाकार पुण्यात खोकत बसला होता. आपल्या कुणा लेखकाला याचा पत्ता लागल्याची नोंद मला कुठे सापडलेली नाही. काफ्का तेव्हा आपल्याला माहीत होऊ लागला होता. काफ्काचं गाव प्राग. ते जवळ पडलं.

हीच तर आपल्या नवतेची खोड. ती कायम बोटीने आली. दिलीप चित्रे, कोलटकर, रमेश समर्थ यांचं ‘शब्द’ १९५४ ते १९६०, चेल्लप्पांचं ‘एळुत्तु’ १९५९पासून. दोन्हीकडे तीच कागदाची मारामार, तेच पंडित, तीच मोजकी डोकी. शहाण्यांचं ‘असो’ १९६३चं, राजा ढाल्यांची तलवार त्याच दशकातली, आणि इकडे १९७० साली ‘कसडतपर’ मासिकवाल्यांनी ‘एळुत्तु’लाही जुनं ठरवायला कंबर कसलेली. मराठी पोरांचं कोलकात्याच्या ‘हंग्री’ कवींशी सूत जमलं, अमेरिकेच्या बीट कवींशी जमलं. मद्रासशी नाही. का, याचं प्रामाणिक उत्तर मला तरी एकच दिसतं. मद्रासचं नाव घेऊन दादरच्या इराण्याकडे कुणावर छाप पडत नव्हती. ‘मद्राशी’ म्हणजे लुंगी आणि डोसा, त्यात कसली आली अवाँ-गार्द? तंजावरच्या शहाजीराजांनी सतराव्या-अठराव्या शतकाच्या सांध्यावर एकाच नाटकात पाच भाषा नाचवल्या, ‘पंचभाषाविलास’. त्यांचं नाव आपण छाती फुगवून घेतो, आणि शेजारची एक भाषा ऐकायला कान नाहीत.

अर्थात तमिळ किस्सेबहाद्दरही काही कमी नाहीत. त्या धर्मु सिवरामांनी पुढे ‘प्रमिळ’ हे नाव घेतलं आणि अंकशास्त्राच्या नादाने त्याची अक्षरं सारखी बदलली, हे इथल्या चहाच्या टपरीवर बसणाऱ्या प्रत्येक होतकरू कवीला ठाऊक आहे. त्यांच्या प्रतिमांची घडण कशी आहे ते विचारा, विषय भांडणांवर जातो. आत्मानाम या कवीने १९८४ साली, तेहतिशीच्या आसपास, जीव दिला. कवितेपेक्षा मृत्यूचाच बोलबाला. न. मुत्तुसामींनी १९७७ साली ‘कूत्तुप्पट्टरै’ ही नाट्यसंस्था उभी केली, तेरुक्कूत्तू या लोकनाट्याच्या अंगाने नवं नाटक बांधलं. आज त्या संस्थेची ओळख काय, तर सिनेमातला विजय सेतुपती तिथे हिशेबनीस होता. चारु निवेदितांच्या ‘झीरो डिग्री’त येणारा प्रत्येक आकडा नऊवर जाऊन पडतो, अशी अट लेखकाने स्वतःवर घालून घेतलेली आहे. ती अट कादंबरीला तारते की जाचते यावर मस्त वाद घालता येईल. तो घालायला माणूस सापडत नाही. लेखकाबद्दल मत मात्र सगळ्यांना आहे.

आणि या सगळ्या गोंगाटात जो हरवतो तो अशोकमित्रन. १९३१ साली सिकंदराबादेत जन्म, १९५२ साली मद्रासला आले, चौदा वर्षं जेमिनी स्टुडिओत साधी नोकरी, पुढे ‘कणैयाळी’ मासिकाचं संपादन, २०१७ साली निधन. सडपातळ, हळू बोलणारे, कुणाशी खणाखणी नाही. गद्य इतकं सपाट की पहिल्या वाचनात वाटावं, यात आहे काय? ‘तण्णीर’ या त्यांच्या १९७३च्या कादंबरीत मद्रासच्या एका गल्लीत पाणी नाही. बस, एवढंच. जमुना नावाची बाई घागर घेऊन दुसऱ्यांच्या पंपाशी जाते, तिष्ठत राहते, परत येते. तिचं सिनेमात जायचं स्वप्न, तिला फिरवणारा पुरुष, घर सोडून गेलेली बहीण, सगळं त्या घागरीच्या खेपांमध्ये कळतं. लेखक एकदाही आवाज चढवत नाही, एकदाही आपल्याला रडा म्हणत नाही. तमिळ कथनाला जो अलंकाराचा आणि उमाळ्याचा सोस होता, तो या माणसाने कुठलाही जाहीरनामा न काढता खरवडून टाकला. मला विचाराल तर या शहरातलं सगळ्यात मोठं बंड हेच.

२०१९च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव आटले, आयटी कंपन्यांनी लोकांना घरून काम करायला सांगितलं, जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आमच्या इमारतीत टँकर आला की प्लास्टिकच्या घागरींची रांग लागायची आणि बायकांची आपसांत चाललेली ती दबकी, चिवट घासाघीस ऐकू यायची: आधी कोण, किती, आणि कालची एक घागर कुणाकडे उसनी. ती घासाघीस शब्दन् शब्द मी आधी वाचलेली होती.

म्हणून मी एका मराठी संपादकांना फोन केला. म्हटलं, अशोकमित्रनवर लिहितो, दिवाळी अंकासाठी.

“कोण हे? काही वादग्रस्त वगैरे?”

“नाही हो.”

“पीत होते का?”

“माझ्या माहितीत नाही.”

“मग त्यांच्यात विशेष काय?”

“पाण्यावर कादंबरी आहे त्यांची.”

“अच्छा, पर्यावरण!” संपादक एकदम खुलले. “द्या की मग. आठशे शब्द. आणि त्यांचा एखादा दाढीबिढी वाढलेला फोटो असेल तर बघा.”