आधी इमारतीचा आकडा काढा

कार्यालय, रुग्णालय, हॉटेल किंवा गाळ्यांचं संकुल चालवणाऱ्या सर्वांना एक कळकळीची विनंती. नवे एसी घेण्याआधी, गच्चीवर सौर पॅनल बसवण्याआधी, आपली इमारत वीज किती खाते ते एकदा मोजा.

गेल्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि युनिटांची बेरीज करा. रुपयांची नको, कारण दर बदलत राहतात. सामाईक मीटर, लिफ्टचा मीटर, भाडेकरूंचे मीटर, सगळे धरा. जनरेटरची वीजही धरा. पार्किंग वगळून जे बांधीव क्षेत्रफळ उरेल, त्याने या बेरजेला भागा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या, 10.76 चौरस फूट म्हणजे एक चौरस मीटर. समजा, 2,000 चौरस मीटरच्या कार्यालयात वर्षाला 2,80,000 युनिटं जळली, तर आकडा आला 140. केंद्र सरकारचा ऊर्जा दक्षता ब्यूरो कार्यालयीन इमारतींना एक ते पाच तारे देतो, तेही अशाच आकड्यावरून, हवामान लक्षात घेऊन. पण दिवसपाळीच्या बँकेची चोवीस तासांच्या कॉल सेंटरशी तुलना करू नका. आपल्याच मागच्या वर्षाशी करा.

मग रात्रीचा वापर बघा. कुलूप लावताना मीटरचं रीडिंग लिहून ठेवा, सकाळी उघडताना पुन्हा लिहा. माझ्या मते सगळ्यात बोलकी तपासणी हीच, आणि तिला पैसाही लागत नाही. सर्व्हर, फ्रीज, सीसीटीव्ही चालू राहणारच. पण रिकाम्या मजल्यावरचा एसी आणि दर्शनी बोर्डाचे दिवे पहाटेपर्यंत कुणासाठी?

एसी 24 अंशांवर ठेवा. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असं ब्यूरो सांगतो. पश्चिमेच्या काचेला सावली बाहेरून द्या; आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर उष्णता खोलीत शिरलेली असते.

इमारत मोठी असेल तर ब्यूरोची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या ऊर्जा लेखापरीक्षकाला बोलवा, आणि त्याची फी आनंदाने द्या. यंत्रं विकणाऱ्याच्या फुकट तपासणीवर विसंबू नका. तिचा निष्कर्ष बहुधा नवं यंत्र घ्या असाच निघतो. महाराष्ट्रात महाऊर्जा या राज्य सरकारच्या ऊर्जा विकास संस्थेच्या कार्यालयातही चौकशी करता येईल. पण बिलांची बेरीज तुमची तुम्हीच करा, आणि याच आठवड्यात करा.