आरोप पाणथळीवर, गुन्हा सांडपाण्याचा

पाणथळ जागा हवेत मिथेन सोडतात, ही गोष्ट खरी आहे. दलदलीच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नाही. तेथे कुजणाऱ्या वनस्पतींवर जगणारे सूक्ष्मजीव हा वायू निर्माण करतात. निसर्गातून वातावरणात येणाऱ्या मिथेनचा सर्वांत मोठा उगम पाणथळ जागा हाच आहे. 20 वर्षांच्या हिशेबात हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे 80 पट उष्णता कोंडून ठेवतो. परंतु शास्त्राचे सत्य कोणाच्या हाती पडते, यावर त्याचा उपयोग ठरत असतो. जेथे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला भाव आला आहे, तेथे ‘दलदल बुजवा, हवा वाचवा’ असा पर्यावरणाचा साळसूद बुरखा पांघरून भराव घालणारे उद्या पुढे आले, तर नवल वाटू नये.

टिटवाळ्याच्या संदर्भात हा धोका काल्पनिक नाही. काळू नदीच्या काठचे हे देवस्थानाचे गाव आज कल्याण-डोंबिवली महापालिकेचा भाग आहे आणि मुंबईत घर न परवडणाऱ्या चाकरमान्यांची वस्ती तेथे वाढत आहे. काळू आणि भातसा यांचे पाणी घेऊन उल्हास खाडीकडे जाते. पावसाळ्यात हे पाणी पसरण्यासाठी सखल जमीन लागतेच. 26 जुलै 2005 रोजी उल्हासचे खोरे बुडाले. ऑगस्ट 2019 मध्ये टिटवाळ्याच्या शेजारच्या खडवलीजवळील जू-नांदखुरी येथून 58 गावकऱ्यांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. सखल जागेवर टाकलेला भराव पाणी नाहीसे करीत नाही. ते शेजारच्या चाळीत आणि आदिवासी पाड्यात शिरते.

मिथेनचा ठपका दुर्बलांवर ठेवण्याचा प्रयत्न नवा नाही. भारतातील भातशेती वर्षाला सुमारे 3 कोटी 78 लाख टन मिथेन सोडते, असा अंदाज अमेरिकी सरकारच्या पर्यावरण यंत्रणेने 1990 च्या सुमारास मांडला होता. 1991 मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या पुढाकाराने भारतीय शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष शेतांत मोजमाप केले, तेव्हा आकडा सुमारे 40 लाख टनांवर आला. त्याच वर्षी अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी जगाला बजावले की, पोट भरण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि चैनीसाठी होणारे उत्सर्जन एकाच तराजूत तोलता येणार नाही. न मोजता आरोप करू नये आणि आरोप करताना माणसामाणसांतील विषमता विसरू नये, हाच त्या वादाचा धडा होता.

तोच धडा पाणथळींनाही लागू पडतो. निरोगी पाणथळ मिथेन सोडते, तसाच शतकानुशतकांचा कर्ब चिखलात साठवूनही ठेवते. तिचा निचरा करून ती कोरडी केली, तर हा साठा हवेच्या संपर्कात येऊन कार्बन डाय-ऑक्साइड होऊन बाहेर पडतो. खाडीच्या खाऱ्या पाण्यातील सल्फेटमुळे मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांना आळा बसतो. म्हणून खारफुटीचा चिखल गोड्या दलदलीपेक्षा सहसा कमी मिथेन सोडतो. पण त्याच पाण्यात शहराचा मैला ओतला, की प्राणवायू संपतो, कुजण्यास खाद्य मिळते आणि मिथेन वाढते. उल्हास नदीवर मोहने परिसरात माजणारी जलपर्णी हा या रोगाचा उघड पुरावा आहे. शुद्धीकरणाचा खर्च टाळून नदीत सोडलेल्या सांडपाण्याची किंमत नदीकाठचा मच्छीमार भरतो आणि शेवटी वातावरणही भरते.

कायदाही येथे अपुरा पडतो. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु 2017 च्या केंद्रीय नियमांनी नदीपात्रे आणि भातशेते पाणथळीच्या व्याख्येतूनच वगळली. रोहित पक्ष्यांच्या खाडीला मान मिळाला. त्या खोऱ्याच्या वरच्या अंगाची शेते आणि नदीचे पात्र मात्र या नियमांच्या संरक्षणाबाहेर राहिले.

यातून निघणारा मार्ग स्पष्ट आहे. काळू-उल्हासच्या काठावरील प्रत्येक सखल जागेची गावकऱ्यांच्या साक्षीने नोंद झाली पाहिजे आणि पूररेषेतील भराव थांबला पाहिजे. नाल्यांचे पाणी शुद्ध झाल्याखेरीज नदीत जाता कामा नये, आणि नव्या इमारतींना परवानगी देण्यापूर्वी त्यांच्या मैल्याची व्यवस्था तपासली पाहिजे. चाकरमान्याला घर हवे, हे निर्विवाद आहे. पण पहिल्याच महापुरात बुडणारे घर त्याच्या गळ्यात मारणे याला गृहनिर्माण म्हणत नाहीत. पाणथळ बुजवून मिथेनचा प्रश्न सुटणार नाही. तो सोडवायचा असेल, तर पालिकेच्या अंदाजपत्रकात भरावाच्या रस्त्यांआधी मैलाशुद्धीकरणाला जागा द्यावी लागेल.